चालकाच्या बाजूचं दार

२ ऑक्टोबर, दसरा

ही वही रिटायरमेंटच्या दिवशी मिळाली होती. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं, शाल बायकोने, म्हणजे लतिकाने, आपल्या बहिणीला, नलूला दिली, आणि वही आठ वर्षं कोरी राहिली. आज लिहायला घेतली, कारण आज जे पाहिलं ते कुणाला सांगायची सोय नाही.

पूजेसाठी सकाळी गाडी धुवायला बसलो. पुढच्या डाव्या दाराच्या, म्हणजे मी बसतो त्या दाराच्या, खालच्या कडेला रंग फुगलाय. तीन फोड. त्यातला एक पाणीपुरीच्या पुरीएवढा. नखाने टोचला तर तांबडं पाणी आलं आणि रंगाचा पापुद्रा हातात.

मी तेहतीस वर्षं इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, जिथे रूळ बनतात तिथे, इन्स्पेक्शनला होतो. रुळावर केसाएवढी रेघ असली तरी मला दिसायची. खिशातून खडू काढायचा, फुली मारायची, पुढचा रूळ. माझ्या फुलीवर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. आणि आता माझ्याच गाडीला, माझ्याच दाराला गंज लागतो आणि तो मला फोड आल्यावर कळतो. शरम वाटली.

लतिका हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन आली तेव्हा मी फोडांवर ओला फडका लटकवून उभा होतो. तिने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग म्हणाली, "फडका कावून लटकवला तिथं?"

"वाळत घातला."

"दारात पाणी वाजते अजून," ती म्हणाली.

मी म्हटलं, आत्ताच तर धुतली गाडी, वाजणारच. लोखंडातलं तिला काय सांगायचं.

३ ऑक्टोबर

लतिका नलूकडे रुआबांध्याला गेली ती ऑटोने. गाडीचं टायर नरम आहे अशी थाप मारून मी गाडी ठेवून घेतली आणि रीतसर तपासणी केली. फ्रिजवरचं नातीने, उर्वीने चिकटवलेलं चुंबकाचं कासव घेतलं आणि दारांवरून फिरवलं. जिथे पत्रा शाबूत तिथे कासव चिकटतं, जिथे नुसता गंज आणि रंग तिथे खाली पडतं.

पुढचं डावं: कासव चार ठिकाणी पडलं. मागचं डावं: दोन ठिकाणी. मागचं उजवं: तीन ठिकाणी, शिवाय एक फोड फुटण्याच्या बेतात. पुढचं उजवं, चालकाचं: एकदाही पडलं नाही.

हे कोडं सुटत नाही. चारही दारं एका कारखान्यात, एका दिवशी झालेली. चालकाचं दार सगळ्यात जास्त वापरात. लतिकाच बसते तिथे. मी २०१९ साली गाडी डिव्हायडरवर चढवली तेव्हापासून ती चालवते आणि मी डावीकडे बसून सूचना देतो. जास्त उघडबंद होणाऱ्या दाराला जास्त हवा लागते, म्हणून ते कोरडं राहत असेल. तात्पुरता हाच निष्कर्ष.

त्या दाराच्या खणात एक स्वेटर विणायची सुई सापडली, टोकाला वाकलेली. ही बाई सिग्नलला थांबून स्वेटर विणते की काय!

४ ऑक्टोबर

काय पणाला लागलंय ते एकदा नीट लिहून ठेवतो.

गाडीला १४ नोव्हेंबरला पंधरा वर्षं पूर्ण होतात. दुर्गला आरटीओत नेऊन पासिंग करून घ्यायचं. झालं तर पुढची पाच वर्षं गाडी आपली. नाही झालं तर भंगार. उन्हाळ्यात मुलगा, अद्वैत, हैदराबादहून आला तेव्हा म्हणाला, "बाबा, देखो, पासिंग झाली तर ठीक. नाही झाली तर नवी गाडी नाही घ्यायची, तुम्ही दोघं सीधा आमच्याकडे यायचं. इथे जुनवानीत गाडीशिवाय कैसे मॅनेज करोगे? आईला नलूमावशीकडे जायचं असते, तुमचं डोळ्यांचं हॉस्पिटल असते." मी छाती ठोकून म्हटलं, "मंजूर. माझ्या गाडीला काय धाड भरलीय!"

शब्द दिला तो दिला.

हैदराबादला वाईट काही नाही. सून यामिनी मायेने वागते, उर्वी गळ्यात पडते. पण चौदाव्या मजल्यावर मी सकाळी उठून कुणाकडे जाणार? इथे भाजीवाला मला नावाने ओळखतो. इथे कारखान्याचा दुपारी दोनचा भोंगा ऐकला की पाय अजून चपला शोधतात. मला इथून जायचं नाही. नाहीच जायचं.

लतिकाला मात्र जायची घाई दिसते. पासिंगचे सगळे कागद तिने एका फाईलमध्ये लावून ठेवलेत, पोल्यूशनचं सर्टिफिकेटही स्वतः जाऊन आणलं. एकदाचा निकाल लागावा असं तिला वाटत असणार. नातीत जीव अडकलाय, दुसरं काय.

५ ऑक्टोबर

पॉलिशपेपर, रेड ऑक्साइड, पांढऱ्या रंगाचा डबा. ती नलूकडे असताना तिन्ही दारं घासली, रंगवली. तीन तास लागले, कंबर धरली. पण काम फर्स्ट क्लास.

९ ऑक्टोबर

उन्हात पाहिलं तर तो पांढरा वेगळा आणि हा पांढरा वेगळा. लतिकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "दाताले सिमेंट भरल्यासारखं दिसते." म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही.

दोष कुणाचा, याचा आज विचार केला. कारखान्याचा असू शकतो, पत्रा पातळ. वॉशिंगवाल्याचा असू शकतो. दर दसऱ्याला लतिका पूजेचं पाणी दारांवर शिंपडते, त्याचाही असू शकतो. माझा मात्र नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. या गाडीची काळजी मी घेतली तशी कुणी घेणार नाही. आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा कारखान्याची लाल धूळ दोरीवरच्या कपड्यांपासून देवाच्या तसबिरीपर्यंत सगळीकडे बसायची. मी २०१२ साली गाडीखाली झोपून पाहिलं तर दारांच्या तळाला चक्क भोकं! दर दाराला तीन, एकूण बारा, कारखान्याने तशीच सोडलेली. धूळ आत जायला आमंत्रणच. मी त्याच दिवशी एम-सील मळून बाराच्या बारा बंद केली. आजही ती तशीच पक्की असतील. एवढी काळजी करून हे फळ.

१४ ऑक्टोबर

नवा रंग पुन्हा फुगला. नऊ दिवस टिकला.

स्क्रूड्रायव्हरने हलकंसं दाबलं, तर तो आरपार गेला. लतिका चहा घेऊन आली, स्क्रूड्रायव्हर दारात रोवलेला, लपवायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "बाद झाली गाडी."

तिने चहा माझ्या हातात दिला. "दुर्गले पंजाबराव आहेत. रेल्वेत डबे रंगवत होते. नलूच्या घरचं गेट त्यांनीच केलं. नंबर आहे माझ्यापाशी."

"नंबर कधी घेतलास?"

"झाले बरेच दिवस," म्हणाली आणि कप उचलून आत गेली. माझा चहा अजून संपायचा होता.

१७ ऑक्टोबर

दुर्गला जाऊन आलो. पंजाबरावांचं दुकान म्हणजे टिनाचं एक शेड, पण झाडून लख्ख. माणूस माझ्याच वयाचा, नागपूरकडचा, चष्मा दोरीने बांधलेला. मी ओळख करून दिली, रेल मिल, इन्स्पेक्शन, तेहतीस वर्षं. ते म्हणाले, "मंग तुमच्याच रुळावरून आमचे डबे धावले म्हणा की." मला बरं वाटलं. पुढे मात्र त्यांनी माझ्याशी बोलायचं सोडून गाडीशीच बोलायला सुरुवात केली.

त्यांनी बोटाच्या पेराने एकेक दार वाजवलं आणि कान लावला. तीन दारं थप्प वाजली. चालकाचं ठण्ण वाजलं. ते परत गेले, परत वाजवलं.

"ह्या दरवाज्याले कोनं हात लावला?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. लतिका पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

"साहेब, साफ सांगतो. नुसते दरवाजे सडले असन तर आठ दिवसांत नवेकोरे करून देतो. पण खालचा तळ खाल्ला असन तर मी हात नाही लावत. तशी गाडी रस्त्यावर पाठवाची नाही. दिवाळीनंतर आना, सत्तावीसले. मॅट काढून पाहू."

सत्तावीसला! म्हणजे दहा दिवस जीव टांगणीला.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

व्हिडिओवर अद्वैत, यामिनी, उर्वी. अद्वैतने आमच्यासाठी ठेवलेली खोली फिरवून दाखवली. खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसतात.

लतिकाने विचारलं, "तिथं मले गाडी चालवाले भेटन का रे?"

अद्वैत हसला. "आई, इथलं ट्राफिक देखा नहीं तुमने. कॅब बोलवायची. तू आरामात मागे बसायचं."

तिने करंज्यांचा डबा उगाच दोनदा झाकला, उघडला. उर्वीला पाहिलं की तिचं असं होतं. मला वाईट वाटलं. मी एकट्याने मनातल्या मनात हट्ट धरून बसलोय आणि हिची इच्छा मात्र तिकडे.

२७ ऑक्टोबर

आज सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

पंजाबरावांनी आधी सीट काढल्या, मग मॅट, मग खालचं कापड. मी तोंड फिरवून उभा होतो. हातोडीचे ठोके ऐकू येत होते. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मी मोजत होतो. तेवीस ठोक्यांनंतर ते म्हणाले, "साहेब, इकडं पाहा. तळ सायीसारखा साफ आहे. गाडी जगली तुमची."

मी तिथल्या ऑइलच्या डब्यावर बसलो. लतिकाने पाण्याची बाटली पुढे केली आणि स्वतःच आधी दोन घोट प्यायली.

मग त्यांनी माझ्या दाराचा आतला पुठ्ठा उघडला. आत दोन बोटं तांबडा चिखल. खाली हात घालून चाचपलं आणि करड्या रंगाचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. तेरा वर्षांपूर्वीचा माझा अंगठ्याचा ठसा होता त्यावर.

"हे भोकं कावून बंद केले?"

मी धुळीचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला.

"काचेच्या रबरातून दरवाज्यात पाणी जातेच, साहेब. पावसाचं, धुण्याचं. ते खाली निघून जावं म्हणून कंपनीनं भोकं ठेवले राहते. तुम्ही बूच लावलं. पाणी आतच राहिलं, मंग आतूनच खाल्लं त्यानं."

"मी तेहतीस वर्षं लोखंडात काढली," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

"हाव न," ते अगदी सरळपणे म्हणाले. "पन रुळाले दरवाजे नाही राहत."

त्यांच्यासमोर मान वर करवेना. दोष कुणाकुणाला दिला होता ते आठवत होतं, पूजेच्या पाण्यापर्यंत.

शेवटी चालकाचं दार उघडलं. आत कोरडं. तळाची तिन्ही भोकं मोकळी, कडेला एम-सीलचे कुरतडल्यासारखे अवशेष. पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघांनी लतिकाकडे पाहिलं.

ती म्हणाली, "स्वेटरच्या सुईनं. दार उघडलं की आत खळखळ वाजे. सहा वर्षं झाली. पावसाळ्यात अधूनमधून साफ करत राहते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं होतं न. दोनदा. तुम्ही म्हणाले, तुले लोखंडातलं काय समजते."

पंजाबराव एकदम पाना शोधायला शेडच्या मागे गेले. पाना त्यांच्या हातातच होता.

"मग बाकीची तीन दारं?" मी विचारलं.

"माझ्या दाराचं मी पाहिलं. बाकीचे तीन तुमचे होते. उघडले असते तर तुम्ही परत बंद केले असते."

केले असते. मी स्वतःला ओळखतो.

२८ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. दोनदा तिच्याशी बोलायला स्वयंपाकघरात गेलो. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

३ नोव्हेंबर

रोज ऑटोने दुर्गला जातो. घरी बसवत नाही. पंजाबरावांनी तिन्ही दारांची खालची सडकी पट्टी कापून नवा पत्रा जोडला, आतून-बाहेरून प्रायमर मारला. पोटीन, म्हणजे लांबी, भरायचा हात इतका हलका की पाहत राहावं. मला त्यांनी एक काम दिलं: नव्या पट्टीला पाडलेली भोकं कानशीने गुळगुळीत करायची. नऊ भोकं. मी प्रत्येकात पाणी ओतून पाहिलं, पूर्ण निघतंय की नाही. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आता हे झालं इन्स्पेक्शन." शाळेत शाबासकी मिळाल्यावर वाटायचं तसं वाटलं.

बोलता बोलता त्यांना विचारलं, दार वाजवून कान लावायची सवय तुम्हाला कशी लागली. ते म्हणाले, "रंग खोटं बोलते, साहेब. पत्रा नाही बोलत. पन ऐकाले तर पाहिजे."

येताना ऑटोत हेच डोक्यात होतं.

६ नोव्हेंबर

रंग झाला. चारही दारं एका पांढऱ्याची. कासवाला सोबत नेलं होतं. एकदाही पडलं नाही. लतिकाने गाडी दुर्गहून घरी आणली आणि मी वाटेत एकही सूचना दिली नाही. पॉवर हाउसच्या चौकापुढे ती म्हणाली, "तब्येत बरी आहे न?"

१० नोव्हेंबर

पासिंग झाली. झाली, झाली, झाली.

रांगेत आमच्यापुढे अकरा गाड्या. इन्स्पेक्टर तरुण, कमी बोलणारा. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला. त्यातला एक आकडा पुसट उठला आणि मी नकळत एक पाऊल पुढे आलो. त्याने कागद सरकवून परत घासलं, आकडा आला. मग तो खाली वाकून दारांच्या तळाकडे पाहत राहिला. मी तेहतीस वर्षं अगदी असाच वाकून उभा राहिलो असेन, आणि माझ्यासमोर मिलमधले लोक असेच घाम पुसत उभे असतील. कधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"काम नया है," तो म्हणाला.

"जी. गलती पुरानी थी," मी म्हटलं. "मेरी थी."

हे शेवटचे दोन शब्द कुणी विचारले नव्हते. लतिकाने स्टिअरिंगवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्याने सही केली. पाच वर्षं.

गेटबाहेर आल्यावर लतिकाने गाडी एका झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, उर्वीला भेटायला आपण जाऊच. जानेवारीत जाऊ, महिनाभर राहू. तुला जायचं होतं हे मला माहीत आहे."

तिने डोकं वर केलं. "मले जायचं होतं? कोनं सांगतलं?"

"कागद लावून ठेवले होतेस, सगळ्याची घाई होती..."

"पासिंग व्हावी म्हणून होती घाई! तिथं मागच्या सीटवर बसून काय करू मी? नलूले कोन पाहीन? साठाव्या वर्षापर्यंत कुठं जायचं तर तुमच्या मागं बसूनच गेली. आता कुठं चावी हाती आली." नाक पुसलं, आणि मग हसायला लागली. "तुम्हालेच जायचं आहे असं वाटलं मले. लगेच मंजूर म्हणून बसले होते."

सहा महिने एका घरात, एका ताटलीतल्या शेंगा खात, दोघंही एकमेकांसाठी हैदराबादला जायची तयारी करत होतो. आम्ही इतके हसलो की एक पेरूवाला थांबून पाहायला लागला. मग त्याच्याकडून पेरू घेतले.

अद्वैतला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "ओके बाबा. पाँच साल. आईला विचारून बघा तिला काय हवंय." पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला, तोही जरा उशिराच.

११ नोव्हेंबर

सकाळी गाडी धुतली. भरपूर पाणी, मुद्दाम काचांवरून. मग मी जमिनीवर बसलो आणि पाहत राहिलो. चारही दारांच्या तळातून पाणी थेंब थेंब करून बाहेर येत होतं. थोडी लाल धूळही येत होती सोबत. येऊ दे.

लतिकाने तिचं दार उघडून मिटलं. मग माझं उघडलं, मिटलं. "ऐका आता," म्हणाली.

मी दाराला कान लावला. काही वाजत नव्हतं. तसाच बसल्या बसल्या तिला विचारलं, "दारासारखं आणखी काय काय सांगितलं होतंस, जे मी ऐकलं नाही?"

तिने बादली उपडी करून बाजूला ठेवली. हात पदराला पुसले. माझ्यासमोर पायरीवर बसली, अगदी निवांत, घाईचं काही काम नसल्यासारखी.

"वही घेऊन या," म्हणाली.